तायी कार्ड

कारदग्याच्या शिवेवर, दूधगंगेच्या मळीत
यंदा बावीस कोप्या.
माझ्या रजिस्टरात त्यांना घरनंबर नाही,
म्हणून पेन्सिलीनं लिहिते :
मोटारघराच्या मागं, डावीकडून सातवी,
निळी ताडपत्री.

सोजर बंकट. मुक्काम पाटोद्याकडचा, जिल्हा बीड.
वय सांगते वीस,
मी वर बघितलं की पुन्हा सांगते वीस.
तिकडचं कार्ड आहे तिच्याजवळ,
साखरेच्या पिशवीत गुंडाळून, कोपीच्या आढ्याला खोचलेलं.
सहाव्या महिन्यापर्यंत शिक्के, पुढं रकाने कोरे.
आमच्या कॉम्प्युटरला तो नंबर चालत नाही.
‘बेरे राज्य,’ म्हणतो डाटावाला
आणि पुढच्या बाईला हाक मारतो.

मग मी इथलं कार्ड काढलं.
वरच्या कन्नड अक्षरांवर बोट ठेवून सोजर म्हणाली,
हे काय लिव्हलंय?
तायी.
हसली. ताई म्हंजी तुम्हीच की.
नव्हं गं, कन्नडात तायी म्हणजे आई.
ती बोट न उचलता बघत राहिली.
‘बरंय,’ म्हणाली, ‘लांब आल्यावर
एकाच बाईत दोघी मिळाल्या तर.’

माझ्या अंगावर आलं ते.
मी तिला लोहाच्या गोळ्या मोजून दिल्या,
मोळी उचलू नको म्हटलं.
ती हो म्हणाली. सगळ्याच हो म्हणतात.

पौषात, महिनाभर आधीच,
पहाटे तीनला, गाडी भरताना तिला कळा आल्या.
मी एकशेआठ फिरवला.
आमच्या मळीत टॉवर पलीकडचा,
फोन लागला महाराष्ट्रात.
जिल्हा? बेळगाव.
मग तुमच्याकडं फिरवा, म्हणाले.
तुमच्याकडं म्हणजे कुणाकडं
हे त्या थंडीत मला मराठीत सुचेना, कन्नडातही.
ट्रॉली सोडली, नुसत्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर
तिला दोघींनी आवळून धरलं,
आणि सदलग्याला पोचेपर्यंत
मी तिच्याशी काय बोलत होते आठवत नाही.

‘तूक एष्टु?’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
‘ओंदु किलो एळनूरु,’ सिस्टर म्हणाली.
सोजरनं माझ्याकडं बघितलं.
मी म्हटलं, मुलगी आहे.

बेळगावच्या सिव्हिलात अकरा दिवस.
परत आल्या तेव्हा कोपीत दहिवर पडत होतं,
आणि सोजरला ताप.
बाळाला उघड्या छातीशी बांधायचं, मी समजावलं,
कातडीला कातडी, वरनं लुगडं.
पण तिला बसवेना.
तेव्हा बंकटला म्हटलं, सदरा काढ.
‘म्या? गडीमाणसानं?’
उबेला काय कळतंय गडी का बाई.

पाचटानं ओरखडलेली ती छाती.
त्यानं आधी उसाचा चिकटा धुतला, दोनदा,
गरम पाण्यानं,
मग श्वास रोखून बसला
जणू कुणी त्याच्या अंगावर काच ठेवतंय.
श्वास घे रे, म्हटलं, तिला तो ऐकू यायला पाहिजे.

मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक कोयता.
पौषात तो अर्धा झाला होता,
आता तोही बसून.
मुकादम सकाळी गाडीवरनं आला, दारातनं वाकून बघितलं,
वाकलेलाच थोडा वेळ राहिला.
काही बोलला नाही.
खाडा मात्र मांडला.

‘किती दिवस बांधायचं, ताई?’
मी पुस्तकातलं सांगितलं :
ती स्वतःच लाथा मारून
बाहेर पडायला बघेल, तोवर.
‘म्हंजी भांडायला लागंल तवा,’ सोजर अंथरुणातून म्हणाली.

शिमग्याआधीच टोळी हलली.
मळीत राख, तीन-तीन दगड, तुटकी बांगडी.
डाटावाल्यानं विचारलं, तिच्यापुढं काय लिहू?
एकच शब्द आहे त्याच्या यादीत : स्थलांतर.
लिही, म्हटलं.

चैत्रात अनोळखी नंबरावरनं फोन आला.
मागं कोंबडा, कुणाची तरी मोटरसायकल.
‘ताई, बंकट बोलतोय.
लाथा मारायलीय.
सोडू का?’